पाहून काढलेले चित्र

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कोणी वाचायचा यावरून पूर्वी घरोघर भांडण होई. अंक सर्वांचा वाचून झाला की दुसरे भांडण सुरू होई. त्याचे मुखपृष्ठ कोणी घ्यायचे? पहिल्या भांडणात मोठी माणसे असत. दुसऱ्यात घरातली मुले, आणि विशेषतः मुली. मला जे सांगायचे आहे ते ह्या दुसऱ्या भांडणाविषयी.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि महाराष्ट्राला एक नवा सण-पदार्थ मिळाला. कथा-कविता तर त्यात होत्याच; पण सामान्य घरात रंगीत चित्र शिरण्याची एक मोठी वाट पुढे ह्या अंकांनीच करून दिली. मडगावकडचे दीनानाथ दलाल यांनी 1945 मध्ये 'दीपावली' सुरू केला तेव्हा तर चित्रकार स्वतःच संपादक झाला. दलालांच्या स्त्रिया, त्यांच्या मानेची ती कललेली रेषा, पदराची एकाच झटक्यात ओढलेली कडा. आणि तिकडे रघुवीर मुळगावकरांचे देव-देवता, त्यांच्या अंगावरील तो मऊ, लोण्यासारखा प्रकाश! ही चित्रे कोणत्या प्रदर्शनात टांगली आहेत हे पाहावयास खेड्यातली मुलगी कुठे जाणार? तिच्यासाठी मुखपृष्ठ हेच प्रदर्शन. ते पुन्हा पुन्हा पाहून समाधान होईना, तेव्हा तिने वही उघडली आणि ते काढावयास घेतले.

आमच्या आत्याची अशी एक वही आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होती. तिने मुखपृष्ठावर पट्टीने पेन्सिलीच्या बारीक चौकटी आखल्या होत्या, तेवढ्याच चौकटी वहीच्या पानावर आखल्या होत्या, आणि एकेका चौकटीतली रेघ उचलून दुसरीकडे ठेवली होती. नाक एका चौकटीत, ओठांचा अर्धा भाग दुसरीत. जिथे धीर सुटला तिथे कागदाला गोडेतेल लावून तो पारदर्शक केला होता. आणि मौज अशी, की चित्र पुरे झाल्यावर खालच्या कोपऱ्यात तिने दलालांची सहीदेखील तशीच्या तशी काढली होती! त्या सहीखाली, अगदी बारीक अक्षरांत, स्वतःचे नाव. लहानपणी मला त्या दोन नावांचे हसू येई. आता वाटते, आत्याला जे कळले होते ते पुष्कळ शिकलेल्यांना कळत नाही.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले ते हिवरे बाजारच्या एका मुलाचे.

हिवरे बाजार हे गाव अहिल्यानगरपासून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरपासून, सुमारे 17 किलोमीटरांवर आहे. त्याची कीर्ती वेगळ्याच कारणाने झाली. पाऊस वर्षाकाठी जेमतेम 400 मिलिमीटरांच्या आसपास. 1972 च्या दुष्काळानंतर गाव पार खचलेले. आणि 1989 नंतर श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्याच गावाने डोंगरावर चर खणून, चराई आणि कुऱ्हाड बंद करून, जमिनीतले पाणी वर आणले. पाहुण्यांना तिथे बंधारे दाखवतात. मी मात्र ओळखीच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो, आणि त्याच्या आठवीतल्या मुलाने मला दाखवली ती वही.

वहीत नारुतो होता. ज्यांच्या घरी दहा ते पंधरा वयाचे मूल आहे त्यांना हा कोण ते सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. जपानी चलच्चित्रांना 'ॲनिमे' म्हणतात. नारुतो हा तसल्याच एका मालिकेतला पिवळ्या केसांचा, गालांवर मांजराच्या मिशांसारख्या तीन-तीन रेघा असलेला, कपाळाला लोखंडी पट्टी बांधणारा पोरका मुलगा. शेजारच्या पानावर दुसरा कोणी, त्याच्या शेजारी तिसरा. डोळे बशीएवढे, केस निवडुंगाच्या फांद्यांसारखे. पण रेघ पाहून मी चहाचा कप खाली ठेवला. रेघ धीट होती.

मुलाने ते चित्र मोबाइलवर फोटो काढून चार मित्रांत पाठवले होते. कौतुक झाले, आणि एकाने शेरा मारला : 'कॉपी आहे.' त्या एका शब्दाने पोर खट्टू झाले होते.

"सर, मी ट्रेस नाय केलं. बघून काढलंय. ते पण चोरीच का?"

बापाचा प्रश्न निराळा होता. "गुरुजी, हा म्हणतो चित्रं काढायचा टॅब घ्या. दुधाच्या बिलातून घेईन मी, तसं काही नाही. पण घ्यावा का? का नुसतं खूळ हाय?"

दोन्ही प्रश्न आजचे वाटतात. पण दोन्ही प्रश्न आपल्या मुलखात फार जुने आहेत.

नगरच्याच भूमीतले उदाहरण घ्या. तालिकोटच्या लढाईच्या, म्हणजे 1565 च्या सुमारास, हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे एक फार्सी काव्य सचित्र तयार झाले. 'तारीफ-इ-हुसेनशाही' त्याचे नाव; आज ती पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मूळच्या 14 चित्रांपैकी 12 उरली आहेत. दख्खनी चित्रकलेचे आरंभीचे वैभव पाहावयाचे तर तिथे पाहावे. चांदबिबीची आई खुंजा हुमायूँ ही त्यांत निजामशहाच्या शेजारी बसलेली होती. 'होती' म्हणतो, कारण पुढे कोणीतरी कित्येक चित्रांतून तिच्यावर रंग फासून तिला पुसून टाकले. कवीचे नाव पोथीत आहे, आफताबी. चित्रकाराचे नाव नाही. राणी पुसली गेली ती राजकारणाने. चित्रकाराला पुसावेच लागले नाही, त्याला कोणी लिहिलेच नव्हते.

अशा कारखान्यांतून काम करणारे शागीर्द शिकत कसे? उस्तादाचे चित्र पाहून, त्याचा चरबा उतरवून. हरणाच्या पातळ कातड्यावर किंवा झिरझिरीत कागदावर चित्राची बाह्यरेषा घ्यायची, तिला सुईने बारीक भोके पाडायची, आणि कोळशाची पूड फिरवून ती खालच्या कागदावर उमटवायची. एकच घोडा, एकच झाड, एकच हत्ती असा पिढ्यान्‌पिढ्या फिरे. त्याला चोरी म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. तो अभ्यासक्रम होता.

कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची सुटी चित्रे पोथीसारखी बांधलेली; कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गात गात गोष्ट पुढे नेतो. चित्र बदलले की प्रसंग बदलला. ॲनिमेवर जीव टाकणाऱ्या पोरांना हे दाखवले तर त्यांना त्यात परके काही वाटणार नाही. ही चित्रे जुनी होऊन विरली की पुढच्या पिढीने ती पाहून नवी काढावयाची. ह्या परंपरेतले श्री. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे महाराष्ट्रातल्या बहुतेकांना पिंगुळी कोठे आहे ते समजले.

छापखाना आला आणि नकलेचा प्रश्न प्रथमच पैशाशी जोडला गेला. पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनी चित्रशाळा काढली. तिची शिळाछापाची चित्रे घराघरांत लागली. मग 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत आपला छापखाना घातला. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि अखेर श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती ह्या त्या छापखान्यातून निघाल्या त्या थेट आपल्या देवघरात येऊन बसल्या. एकेका चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागे. पिवळ्याचा एक, तांबड्याचा एक, निळ्याचा एक. पुष्कळ रंग असतील तर दहा-बारा दगडदेखील. एकाच कागदावर एकामागून एक दगड बरोबर जागेवर बसला पाहिजे. नाही तर लक्ष्मीचे कुंकू गालावर जायचे!

आता लोकांनी ह्या चित्रांचे काय केले ते ऐकण्यासारखे आहे. नुसती टांगली नाहीत. बायकांनी लक्ष्मीच्या साडीवर खरे कापड चिकटवले, काठाला जर लावली, मुकुटात टिकल्या, गळ्यात मणी ओवले. रविवर्म्याचे चित्र घेऊन प्रत्येक घराने आपली लक्ष्मी बनवली. कोल्हापूर-सांगलीकडच्या रंगाऱ्यांनी त्यांवरून नाटकांचे पडदे रंगवले, गावोगावच्या पेंटरांनी देवळाच्या भिंती रंगवल्या. ज्याला आज 'फॅन आर्ट' म्हणजे चाहत्याने काढलेले चित्र म्हणतात, ते ह्याहून वेगळे कोणते? दुसऱ्या बाजूने, व्यापारी छापखान्यांनी हीच चित्रे पाहून स्वस्त नकला छापल्या आणि पैसा केला. चाहता आणि चोर यांचे रस्ते वेगळे झाले ते तिथे. हात दोघांचाही नकलेचाच होता. पण एकाने लक्ष्मीला मणी घातले, आणि दुसऱ्याने तिला विकून तिच्या चित्रकाराचे नाव गाळले.

खुद्द रविवर्मा तरी कसा शिकला? लहानपणी कोळशाने घराच्या भिंती काळ्या करून. पुढे त्रावणकोरच्या दरबारी थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला. तेलरंग शिकवण्यास तो राजी नव्हता, काम करताना फक्त पाहू देई. रविवर्म्याने पाहून घेतले. पाहून!

इकडे आपल्याकडे हे चालले असताना जपानात काय होते, ते पाहिल्याशिवाय त्या पोराच्या नारुतोचे मूळ सापडावयाचे नाही. होकुसाई हा जपानचा थोर चित्रकार. त्याच्या रेखाचित्रांचे पहिले पुस्तक 1814 मध्ये निघाले. त्याचे नाव 'होकुसाई मांगा'. पंधरा भाग निघाले, शेवटचा तर त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, 1878 मध्ये. पैलवान, बेडूक, पाऊस, भुते, न्हावी, लाटा, हजारो चित्रे. आणि हे पुस्तक कशासाठी? शिकणाऱ्यांनी पाहून काढावे यासाठी! आज 'मांगा' हा शब्द जगभर जपानी चित्रकथेसाठी वापरतात. तोच शब्द मिरवणारे ते जुने पुस्तक नवशिक्यांची कित्त्याची वहीच होते, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते.

पुढे ओसामू तेझुका आला. वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटांनी हा मनुष्य वेडा झाला होता; 'बॅम्बी' त्याने ऐंशीहून अधिक वेळा पाहिला असे सांगतात. 1951 मध्ये त्याने 'बॅम्बी'ची चित्रकथा स्वतःच्या हाताने, कोणाची परवानगी न घेता, काढून छापली. ते मोठाले पाणीदार डोळे तेझुकाने तिकडूनच उचलले आणि स्वतःचे केले. त्याच्या 'तेत्सुवान आतोमू' ह्या यंत्रबालकाची चलच्चित्रमालिका 1 जानेवारी 1963 रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि घरोघर पाहिल्या जाणाऱ्या ॲनिमेची गाडी तेथून खऱ्या अर्थाने चालू लागली. त्याच तेझुकाने पुढे अकरा वर्षे खपून गौतम बुद्धाचे चरित्र चित्रांत काढले. म्हणजे देणेघेणे एकतर्फी नाही.

दुसरा अकिरा तोरियामा. लहानपणी डिस्नेच्या ठिपक्यांच्या कुत्र्यांचा चित्रपट पाहून कुत्री काढत बसायचा. त्याला पहिले बक्षीस मिळाले ते त्या कुत्र्यांच्या चित्रालाच. 2024 मध्ये तो वारला तेव्हा जगभरची माणसे हळहळली. त्याच तोरियामाची पात्रे गिरवीत गिरवीत मासाशी किशिमोतो नावाचा मुलगा वाढला. ह्या किशिमोतोने 1999 ते 2014 अशी पंधरा वर्षे एका साप्ताहिकात एक चित्रकथा चालवली. तिचे नाव 'नारुतो'.

डिस्नेवरून तोरियामा, तोरियामावरून किशिमोतो, किशिमोतोवरून हिवरे बाजारचा आठवीतला मुलगा. साखळी अशी लांबून आलेली आहे. तिच्यातल्या प्रत्येकाने पहिले चित्र पाहूनच काढले. हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग त्यांना कोणी कॉपी म्हणलं नाय?" म्हणाले असेलच. पण त्यांनी काढणे थांबवले नाही, आणि केव्हातरी पाहणे सोडून स्वतःचे काढू लागले. पहिल्याशिवाय दुसरे होत नाही; पण पहिल्यापाशीच बसून राहिले तर दुसरे कधीच होत नाही.

जपानी लोकांनी चाहत्यांच्या चित्रांचा बाजारही भरवला. 21 डिसेंबर 1975 रोजी तोक्योत हौशी मंडळींचा पहिला मेळा भरला. बत्तीस मंडळे, सुमारे 700 माणसे. आपण काढलेली चित्रे, आपण शिवलेल्या वह्या आणायच्या, मांडायच्या, एकमेकांच्या घ्यायच्या. आज त्या मेळ्याला लाखांनी माणसे जातात. तिथे दुसऱ्याची पात्रे घेऊन स्वतःच्या गोष्टी रचतात, आणि मूळ प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात, कारण ह्याच गर्दीतून आपला उद्याचा चित्रकार येणार हे त्यांना ठाऊक असते. धंद्यातले हे शहाणपण मला आवडते.

आपल्याकडे जपानी चित्रे आली ती मात्र आपलीच गोष्ट घेऊन. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी मोगली आला, तेव्हा माझ्या पिढीतल्या कोणाला ठाऊक होते की ही मालिका जपानात 1989 मध्ये झालेली आहे? आम्ही फक्त चड्डी घातलेला मोगली पाटीवर काढीत होतो. आणि त्याच्या आदल्याच वर्षी युगो साको ह्या जपानी गृहस्थाने आपले राम मोहन यांना बरोबर घेऊन संपूर्ण रामायण ॲनिमेत आणले होते. शृंगवेरपूरच्या उत्खननावर माहितीपट करावयास हा मनुष्य भारतात आला आणि रामकथेत अडकला. धोतराची नेसण कशी, नमस्कार कसा, बसायचे कसे, हे जपानी कलावंतांना आपल्या माणसांनी समजावून दिले. तो चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत सर्वत्र लागला तो थेट जानेवारी 2025 मध्ये. तेहतीस वर्षे उशिरा!

तर त्या मुलाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. पाहून काढणे ही चोरी नव्हे. आपला 1957 चा कॉपीराइट कायदादेखील स्वतःच्या अभ्यासासाठी केलेल्या नकलेच्या आड येत नाही. पण चित्र चार लोकांत गेले, की त्याखाली दोन नावे हवीत. ज्याची मूळ कल्पना त्याचे, आणि ज्याचा हात त्याचे. 'नारुतो, मूळ मासाशी किशिमोतो. पाहून काढले अमुक याने.' एवढे लिहिले की 'कॉपी' म्हणणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते, कारण त्याने शोधून काढण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या एखाद्या चाहत्याचे चित्र पाहून काढले असेल तर त्याचे नाव आधी. आणि ते छापून विकावयाचे मनात आले तर परवानगीवाचून नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यापुढे साठ वर्षे हक्क त्याचा असतो. दलाल 1971 मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हा हक्क 2031 च्या अखेरपर्यंत चालतो.

एक गोष्ट मी बापाला बाजूस घेऊन सांगितली. चित्राखाली मुलाचे पाळण्यातले नाव पुरे. गाव, शाळा, स्वतःचा फोटो, फोन नंबर यांतले काही घालू नये. चित्र जगाला दाखवावे, घराचा दरवाजा नव्हे.

आता साधनांचा प्रश्न. ह्यात आईबाप हमखास फसतात, कारण विकणारा हुशार असतो आणि मूल हट्टी असते.

आपल्या मुलखात चित्राचे साधन स्वस्त होत होत खाली आले, हा त्या इतिहासाचा एक सुखाचा भाग आहे. कोळसा आणि गेरू फुकट. मग पाटी-पेन्सिल. 1931 मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईचा घरगुती धंदा सुरू केला. त्यातून 'कॅम्लिन' झाले, आणि पुढे त्यांची उंटछाप रंगपेटी शाळाशाळांत पोचली. सरकारी रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला, बसणाऱ्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या त्या पेट्यांवर वाढल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. वाटीतल्या पाण्यात बुडवलेला सहा नंबरचा ब्रश! योगायोग पाहा, त्या कॅम्लिनचा मोठा वाटा 2011 मध्ये कोकुयो ह्या कंपनीने घेतला. तीही जपानी.

यंत्रावर चित्र काढण्याची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. तेझुकाचे यंत्रबालक जपानी पडद्यावर आले त्याच 1963 साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने प्रकाशाच्या लेखणीने यंत्राच्या पडद्यावर रेघ ओढून दाखवली होती. 1983 मध्ये जपानात वॅकॉम कंपनी निघाली आणि तिने पाटी व लेखणी यांची जोडी चित्रकारांच्या मेजावर आणली. पाटी! आपण पाटीवरून वहीवर गेलो, आणि शंभर वर्षांनी पुन्हा पाटीवर आलो. जुनी पाटी थुंकीने पुसत असू; नवीवर एक बाण दाबला की रेघ नाहीशी होते. दोन्हींतला धोका एकच. पुसणे सोपे झाले की हात बेफिकीर होतो. नवशिक्याने आठवड्यातले दोन दिवस तरी पेनने, खोडरबराशिवाय काढावे, असे मी माझ्या मुलांना सांगतो. ती ऐकत नाहीत, पण सांगतो.

बापाला मी त्याच्याच गावचा हिशेब सांगितला. हिवरे बाजारात पावसाळा संपला की पडलेल्या पावसाची नोंद घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचे पाणी आधी, जनावरांचे आधी. मग उरेल त्यात कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते. ऊस आवडतो म्हणून ऊस लावत नाहीत. "मग टॅबचंही तसंच करा," मी म्हणालो. "आधी घरात काय आहे ते मोजा."

घरात एक मोबाइल होता. संगणक नव्हता. तेव्हा बिनपडद्याची पाटी, जी अडीच-तीन हजारांपासून मिळते, ती घेऊन जोडायची कशाला? विहीर नसताना मोटर आणण्यासारखे ते. काही पाट्या विशिष्ट मोबाइलना जोडता येतात, पण आपला मोबाइल त्यांच्या यादीत आहे की नाही ते दुकानात पैसे देण्याआधी पाहावे, नंतर नव्हे. ह्या पाटीवर हात मेजावर आणि नजर समोरच्या पडद्यावर अशी कसरत करावी लागते. ती साधावयास पंधरा-वीस दिवस जातात, आणि तेवढ्यात पुष्कळ पोरे पाटी कपाटावर टाकून देतात. पडद्यावरच थेट रेघ उमटते अशी पाटी पंधरा-वीस हजारांच्या पुढे. ती पहिल्या वर्षी कोणी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत. लेखणीला दाबाच्या 8192 पायऱ्या कळतात म्हणून जाहिरातीत सांगतात. नवशिक्याच्या हाताला त्यांतल्या दोन कळतात, हलका आणि जड. त्या दोन तर साध्या 4 बी पेन्सिलीलाही कळतात.

मग करावयाचे काय? कागदावर काढायचे, दिवसा उजेडात खिडकीशी धरून नीट फोटो घ्यायचा, आणि मोबाइलवरच 'आयबिस पेंट'सारख्या फुकट साधनात त्याच्यावर रेघ आणि रंग चढवायचे. हेही जपान्यांनीच केलेले. पुढे संगणक आला तर 'क्रिता' हे साधन पूर्ण फुकट आहे आणि मोठमोठे चित्रकार ते वापरतात. ह्या साधनांत 'लेयर' म्हणजे थर असतात. रेघ एका थरावर, रंग दुसऱ्या, सावली तिसऱ्या. मुलाला ते समजेना, तेव्हा मी त्याला मळवलीचे दगड सांगितले. पिवळ्याचा एक, तांबड्याचा एक. लगेच समजले. राम मोहन आणि साको यांच्या रामायणातही असेच पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवून राम अरण्यातून चालवला होता.

रबरी टोकाची एक स्वस्त लेखणी मोबाइलसाठी मिळते. तिला दाब कळत नाही, पण बोटापेक्षा बरी. तेवढी घ्या म्हणालो.

निघताना मुलाने आणखी एक काढलेले शेवटचे पान दाखवले. 2025 च्या मार्चमध्ये ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एक लाट आली होती, ती वाचकांस आठवत असेल. घरातला फोटो यंत्राला द्यायचा, आणि यंत्र तो क्षणात जपानच्या जिबली स्टुडिओच्या चित्रांसारखा करून देई. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, पुढाऱ्यांचे फोटो, सारे जिबली झाले. त्यात हात कोणाचाच नव्हता, आणि नाव तर कोणाचेच नव्हते. निजामशाही पोथीतल्या त्या चित्रकाराप्रमाणे जिबलीची माणसे यंत्राच्या पोटात नावावाचून गडप झाली. ह्याच स्टुडिओतील एइजी यामामोरी ह्या कलावंताने एका चित्रपटातील गर्दीचे चार सेकंदांचे दृश्य काढावयास एक वर्ष तीन महिने घेतले होते. चार सेकंद! तेवढ्या वेळात आपण चहाचा एक घोट घेतो.

मुलाच्या मोठ्या बहिणीनेही त्या दिवसांत घरातल्या आजीचा असा एक यंत्रातून काढलेला फोटो ठेवला होता. गुळगुळीत, गोड, आणि आजीच्या नाकातली नथ गायब. पोराने तो फोटो बाजूला ठेवून खऱ्या आजीला समोर बसवले होते आणि तिला ॲनिमेच्या धर्तीने काढले होते. डोळे बशीएवढे, सुरकुत्या मात्र सगळ्या मोजून, नथ जागेवर, मांडीवर दुधाची किटली. गाल एका बाजूला जरा जास्तच फुगला होता. खाली नाव एकच होते, कारण हे चित्र त्याने कोणाचे पाहून काढलेले नव्हते.

आजी म्हणाली, "माझे डोळे एवढे कुठंयेत रे?" आणि ते पान वहीतून फाडून देवघराच्या फळीवर ठेवून मोकळी झाली.